आभाळातल्या धक्क्याला लागलेली होडी

२६ जून २०२५, गुरुवार. दुपारचे चार वाजून एक मिनिट झाले होते. आपल्या कोकणात हे लावणीचे दिवस. शेतात चिखल, अंगावर इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद आणि शाळा नुकत्याच सुरू झालेल्या. त्याच मिनिटाला पृथ्वीपासून सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर, उत्तर अटलांटिक महासागराच्या वर, एक लहानसे यान आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला जाऊन चिकटले. यानाचे नाव 'ग्रेस'. आत चार माणसे होती आणि त्यांतला एक भारताचा नागरिक होता, ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला.

देशभर टाळ्या वाजल्या. लखनौच्या ज्या शाळेत ते शिकले, तेथल्या सभागृहात त्यांचे आईवडील मुलांच्या गर्दीत बसून पडद्याकडे डोळे लावून होते. आई रडत होती, मुले नाचत होती. दिल्लीत अभिनंदनाचे संदेश निघाले. रात्री घरोघरी टीव्हीवर तीच दृश्ये पुन्हा पुन्हा दिसली. निळ्या पोशाखातली माणसे एका गोल दारातून माशासारखी पोहत आत येतात आणि आतली माणसे त्यांना मिठी मारतात.

एखाद्या घरात ही दृश्ये पाहता पाहता धाकट्याने आईला विचारलेही असेल, "आये, तो खाली पडत कसा नाय?" आणि मोठीने विचारले असेल, "आपल्यातला कोणी जाईल काय गं तिथं?"

वाचकहो, हे दोन्ही प्रश्न चांगले आहेत. पहिला विज्ञानाचा आहे, दुसरा आयुष्याचा. टाळ्या वाजवून झाल्यावर या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधणे हे आईबापांचे काम आहे. म्हणून हा लेख.

धक्क्याला होडी लावणे

आधी नेमके काय घडले ते समजून घेऊ.

अंतराळ स्थानक म्हणजे आभाळात बांधलेले एक घर. त्याचा पहिला भाग नोव्हेंबर १९९८ मध्ये वर गेला. त्यानंतर एकेक खोली नेऊन जोडली गेली. २ नोव्हेंबर २००० पासून ते घर एक दिवसही रिकामे राहिलेले नाही. अमेरिका, रशिया, जपान, कॅनडा आणि युरोपातील देशांनी मिळून ते उभे केले. त्याची लांबी सुमारे १०९ मीटर आणि वजन चारशे टनांच्या वर आहे.

हे घर फार दूर आहे असे आपल्याला वाटते. पण रत्नागिरीहून मुंबई सडकेने साधारण साडेतीनशे किलोमीटर. तोच रस्ता उभा करून आभाळाला टेकवला आणि थोडा वाढवला, की आपण स्थानकाशी पोचलो! अडचण अंतराची नसून वेगाची आहे. स्थानक ताशी सुमारे अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती फिरते. रात्री मुंबईला कोकणकन्या पकडलेला चाकरमानी पहाटे रत्नागिरीला उतरतो. स्थानक हेच अंतर पाऊण मिनिटात कापते. दीड तासात त्याची पृथ्वीभोवती एक फेरी होते. दिवसाला सोळा वेळा सूर्य उगवतो आणि सोळा वेळा मावळतो.

आता मिरकरवाड्याच्या बंदरात ज्यांनी होडी धक्क्याला लावताना पाहिली आहे, त्यांनी विचार करावा. लाटेवर हलणारी होडी स्थिर धक्क्याला लावतानाही तांडेलाला किती जपावे लागते! येथे तर होडीही धावते आणि धक्काही धावतो. २५ जूनला दुपारी १२ वाजून १ मिनिटाने अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील केनेडी अवकाश केंद्रावरून हे यान निघाले. स्थानकाचा पाठलाग करत, आपली कक्षा हळूहळू उंचावत त्याने अठ्ठावीस तास घेतले. शेवटी ते ठरलेल्या टप्प्यांवर थांबत थांबत पुढे सरकले. प्रत्येक टप्प्यावर तपासणी झाली आणि जमिनीवरून 'पुढे चला' असा हुकूम आल्यावरच ते हलले. स्थानकाला टेकताना दोघांच्या वेगातला फरक सेकंदाला काही सेंटीमीटर एवढाच उरला होता, म्हणजे जवळजवळ मुंगीची चाल. मग आकडे अडकले, सांधा घट्ट बसला. लगेच दार उघडले नाही. सांध्यातून हवा गळत नाही ना, हे तपासण्यात दीड तासाहून जास्त वेळ गेला आणि त्यानंतर माणसे आत गेली.

स्थानकावर आधीच सात माणसे होती. हे चार आल्यावर घरात अकरा झाली. मोहिमेच्या प्रमुख पेगी व्हिटसन या अनुभवी अमेरिकन अंतराळवीर. त्यांनी शुभांशू यांच्या छातीवर एक लहानशी पिन लावली. त्यांचा क्रमांक होता ६३४. पृथ्वीवर अब्जावधी माणसे जन्मली आणि गेली. त्यांतली पृथ्वीच्या कक्षेत पोचलेली माणसे तोपर्यंत एवढीच, हजारही नाहीत. शुभांशू यांनी देशवासीयांशी हिंदीत बोलताना सांगितले की उभे राहणे सोपे दिसते खरे, पण डोके थोडे जड झाले आहे. देशाचा वीर झाला तरी तो माणूसच, हे त्या साध्या बोलण्यातून कळले आणि ते बोलणे अधिकच आपले वाटले.

तो पडत का नाही?

आता धाकट्याचा प्रश्न. पुष्कळ शिकलेली माणसेही सांगतात की वर गुरुत्वाकर्षण नसते, म्हणून माणूस तरंगतो. हे खरे नाही. चारशे किलोमीटरवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या सुमारे नव्वद टक्के असतेच.

रत्नदुर्गाच्या कड्यावर उभे राहून समुद्रात दगड भिरकावला तर तो पुढे जात जात खाली पडतो. जोरात भिरकावला तर आणखी पुढे जाऊन पडतो. समजा, इतक्या जोरात भिरकावला की तो पडत असतानाच त्याच्या खालची गोल पृथ्वी वळत गेली, तर? तो पडतच राहील, पण जमिनीला कधी लागणार नाही. स्थानक असेच सतत पडते आहे आणि आतली माणसेही त्याच्याबरोबर पडताहेत. सगळेच एकत्र पडत असल्यामुळे कोणाचे वजन कोणावर येत नाही. म्हणून ती तरंगतात. मुलाला हे सांगताना अंगणात दोन-चार दगड भिरकावून दाखवा. त्याला जन्मभर लक्षात राहील.

एक्केचाळीस वर्षांपूर्वीचा एप्रिल

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना हा आनंद ओळखीचा वाटला असेल. ३ एप्रिल १९८४ रोजी स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा सोव्हिएत संघाच्या सोयुझ टी-११ यानातून बायकोनूर येथून उडाले. बरोबर युरी मालिशेव आणि गेन्नादी स्त्रेकालोव हे दोन सोव्हिएत अंतराळवीर होते. दुसऱ्या दिवशी ते साल्युत-७ या स्थानकावर पोचले.

कोकणात तेव्हा रेल्वे आली नव्हती. वाडीत टीव्ही क्वचित दिसे. बातमी रेडिओवरून आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून आली. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी वरून भारत कसा दिसतो असे विचारले आणि शर्मा यांनी शाळेत सर्वांनी म्हटलेल्या एका उर्दू गीताच्या ओळीने उत्तर दिले, ही गोष्ट मग कितीतरी वर्षे लोक एकमेकांना सांगत राहिले. ११ एप्रिलला शर्मा परतले. तिसऱ्याच दिवशी १४ एप्रिल होता. त्या वर्षीच्या जयंतीला उभ्या राहिलेल्या लहान मुलांना भारताचा माणूस आभाळात राहून आला ही गोष्ट नवीकोरी होती.

शर्मा यांच्यानंतर भारताचा नागरिक पुन्हा पृथ्वीच्या कक्षेत जायला एक्केचाळीस वर्षे लागली. मधल्या काळात कल्पना चावला आणि सुनीता विल्यम्स यांची नावे आपल्या घराघरांत पोचली. कर्नालची कल्पना १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यानाच्या अपघातात गेली, तेव्हा आपण घरचे माणूस गेल्यासारखे हळहळलो. सुनीता यांचे वडील गुजरातचे. पण या दोघीही अमेरिकेच्या नागरिक म्हणून, अमेरिकेच्या मोहिमांवर गेल्या. भारताचा नागरिक म्हणून पृथ्वीच्या कक्षेत जाणारे शुभांशू दुसरे आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पाऊल ठेवणारे पहिले.

त्या दिवशी आनंद एकट्या भारतात झाला असे समजू नका. यानात पोलंडचे स्लावोश उझनान्स्की-विश्नेव्स्की आणि हंगेरीचे तिबोर कापू हेही होते. पोलंडचा पहिला अंतराळवीर १९७८ साली गेला होता, हंगेरीचा १९८० साली आणि आपला १९८४ साली. तिघेही सोव्हिएत यानातून गेले होते. त्यानंतर तिन्ही देशांनी चार-चार दशके वाट पाहिली आणि तिघांचीही माणसे एकाच दारातून आत शिरली. त्या संध्याकाळी वॉर्सा, बुडापेस्ट आणि लखनौ येथे डोळे एकाच कारणाने ओले झाले. २८ जूनला पंतप्रधानांशी बोलताना शुभांशू यांनी सांगितले की वरून पृथ्वी एकच दिसते, सीमारेषा कोठे दिसत नाहीत. जमिनीवर माणसामाणसांत रेषा कशा ओढल्या जातात, हे ज्यांना वेगळे सांगावे लागत नाही, त्यांना या वाक्याचे मोल अधिक कळेल.

तडा गेलेली नळी

उत्सवाच्या गडबडीत एक गोष्ट मागे पडली. आपल्या मते तीच मुलांना सगळ्यांत आधी सांगायला हवी.

हे उड्डाण ठरल्या दिवशी झालेच नाही. आधी २९ मे ही तारीख होती. मग ८ जून, मग १०, मग ११. ११ तारखेच्या आधी अग्निबाणाची जमिनीवर चाचणी घेतली, तेव्हा द्रवरूप प्राणवायूची गळती आढळली. इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन आपल्या तज्ज्ञांसह तेथे हजर होते. गळती पूर्ण दुरुस्त करा, पुन्हा चाचणी घ्या आणि मगच उड्डाण करा, असा आग्रह त्यांनी धरला. तपासणीत प्राणवायूच्या नळीला तडा गेलेला सापडला. तसेच उड्डाण झाले असते तर भयंकर अपघात झाला असता, असे नारायणन यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. त्यानंतर स्थानकाच्या रशियन भागातील हवेच्या गळतीमुळे १९ आणि २२ जून या तारखाही टळल्या.

तारीख चुकली की लोक हसतात, वर्तमानपत्रे कुरकुर करतात. यान दुसऱ्याचे, अग्निबाण दुसऱ्याचा, सगळ्या जगाचे डोळे लागलेले. अशा वेळी 'थांबा, मला हे पटलेले नाही' असे म्हणायला धैर्य लागते आणि त्या धैर्यामागे अभ्यास लागतो. विषय नीट कळल्याशिवाय कोणी असा अडून बसू शकत नाही.

हे नारायणन कोण? तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यातील एका खेड्यातले. तमिळ माध्यमाच्या शाळेत शिकले. आपल्या जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेसारखीच ती शाळा. पुढे अग्निबाणाच्या इंजिनांचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला आणि जानेवारी २०२५ मध्ये इस्रोचे अध्यक्ष झाले. मातृभाषेच्या शाळेत शिकलेल्या या माणसाने अमेरिकेत उभे राहून 'थांबा' म्हटले आणि चार जीव सुखरूप पोचले. ही गोष्ट घरी मुलांना जरूर सांगा.

डब्यातला आमरस

आता थोडे घरगुती. शुभांशू यांनी बरोबर खाऊ नेला होता. गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस! तो त्यांनी स्थानकावरच्या सोबत्यांना वाटून खाल्ला. रत्नागिरीच्या माणसाला आमरसाचे कौतुक आपण काय सांगावे? इतके खरे, की चारशे किलोमीटर उंचावरही माणसाला पंगत लागते आणि घरची चव लागते.

खाऊबरोबर मूग आणि मेथीही वर गेली होती, ती मात्र खायला नाही. वजनरहित अवस्थेत बीज कसे अंकुरते, हे पाहण्यासाठी. कर्नाटकातील धारवाडच्या शास्त्रज्ञांनी हा प्रयोग बांधला होता. आपल्या आया-बहिणी रोज फडक्यात मूग बांधून मोड आणतात, तेच काम तेथे अंतराळवीर करत होता. भारतीय संस्थांचे असे सात प्रयोग त्यांच्याकडे होते. त्यांत स्नायूंचा अभ्यास होता, सूक्ष्म शैवालाचा होता, पिकांच्या बियाण्यांचा होता. वजन पेलावे लागत नसल्याने वर माणसाचे स्नायू झपाट्याने रोडावतात. ते का आणि कसे, हे कळले तर अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांनाही उपयोग होण्याची आशा आहे.

अठरा दिवस स्थानकावर राहून १५ जुलै २०२५ रोजी ते पृथ्वीवर उतरले, कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात. १७ ऑगस्टला ते भारतात परतले. पुढे लखनौत त्यांची मिरवणूक निघाली तेव्हा रस्ते माणसांनी फुलून गेले होते.

एवढा पैसा कशाला?

काबाडकष्ट करणाऱ्या माणसाच्या मनात आणखी एक प्रश्न येतो आणि तो दाबून ठेवू नये. आमच्या वाडीचा रस्ता खड्ड्यांचा, शाळेच्या छपरातून पाणी गळते, दवाखान्यात औषध मिळत नाही आणि एका माणसाला वर पाठवायला एवढा पैसा?

या एका जागेसाठी भारताने सुमारे साडेपाचशे कोटी रुपये खर्च केल्याचे वर्तमानपत्रांत छापून आले. देशाची लोकसंख्या एकशे चाळीस कोटींच्या वर. म्हणजे माणशी साधारण चार रुपये. हिशेब असा मांडला की रक्कम लहान वाटते. पण साडेपाचशे कोटींत किती शाळांची छपरे झाली असती, असा हिशेब मांडला की तीच मोठी वाटते. दोन्ही हिशेब खरे आहेत.

अवकाशावरचा खर्च वाया जातो, असे मात्र कोकणातल्या माणसाने म्हणू नये. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकले. आपल्या दापोली, मंडणगडमध्ये घरांची कौले-पत्रे उडाले, माडापोफळींच्या बागा झोपल्या. पण वादळ येणार, कोठे येणार, हे आधीच कळले होते. मच्छीमारांना परत बोलावले होते, किनाऱ्यावरची माणसे हलवली होती. हवामान खात्याला वादळाचा माग दाखवणारे डोळे म्हणजे आपले उपग्रह. इस्रोने एवढी वर्षे माणूस पाठवण्याआधी हे डोळे वर पाठवले. हवामान, दूरध्वनी, दूरचित्रवाणी ही कामे आधी केली. हा क्रम शहाणपणाचा होता.

म्हणून गळके छप्पर आणि अंतराळ यांत भांडण लावण्याचे कारण नाही. दोन्ही मागावे. ज्या देशाला आभाळात घर गाठता येते, त्या देशाला खेड्यातल्या शाळेचे छप्पर जमत नाही हे सबब म्हणून चालणार नाही, असे ठणकावून सांगावे. २६ जूनच्या उत्सवाने आपल्या हाती दिलेला हा चांगला मुद्दा आहे.

वाट कोठून जाते?

आता मोठीचा प्रश्न. आपल्यातला कोणी जाईल काय?

राकेश शर्मा आणि शुभांशू शुक्ला या दोघांची वाट एका ठिकाणाहून गेली. ते ठिकाण आपल्या महाराष्ट्रात आहे. पुण्याजवळ खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए. शर्मा १९६६ साली तेथे दाखल झाले. शुक्ला २००५ साली तेथून पदवी घेऊन बाहेर पडले आणि २००६ साली हवाई दलात लढाऊ वैमानिक झाले.

या प्रबोधिनीची परीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. बारावीत असलेल्यांना बसता येते. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. लेखी परीक्षेत गणिताचे तीनशे आणि सामान्य क्षमतेचे सहाशे गुण असतात. त्यानंतर नऊशे गुणांची मुलाखत, तीही अनेक दिवस चालणारी. निवड झाल्यावर प्रशिक्षणाचा खर्च सरकार करते. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना आणि मुलींना परीक्षा शुल्कही नाही. पण निवडीत राखीव जागा नाहीत, हे आधीच माहीत असू द्या. येथे पाठांतर चालत नाही. शरीर, इंग्रजी, गणित आणि चारचौघांत नीट बोलण्याची सवय हे सारे लहानपणापासून कमवावे लागते. महाराष्ट्र शासनाने या तयारीसाठी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे मुलांची सैनिकी सेवापूर्व संस्था १९७७ साली काढली. दहावीनंतर तेथे निवड होते. मुलींसाठी नाशिकला अशी संस्था सुरू झाली आहे.

मुली हा शब्द मुद्दाम दोनदा आला. २०२१ पर्यंत या प्रबोधिनीचे दार मुलींना बंद होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ते उघडले. पहिल्या तुकडीतील १७ मुली ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याहून पदवी घेऊन बाहेर पडल्या. शुभांशू स्थानकावर पोचण्याच्या अवघ्या सत्तावीस दिवस आधी! भारताच्या गगनयान मोहिमेसाठी निवडलेले पहिले चारही जण पुरुष आहेत, कारण ते हवाई दलाच्या जुन्या वैमानिकांतून आले. पुढची यादी तशीच राहील असे मानण्याचे कारण नाही. म्हणून मोठीला सांगा, "दार उघडलंय. आता गणित सोडू नको."

सगळ्यांनाच वैमानिक व्हायचे नसते. वर जाणाऱ्या एका माणसाच्या खाली हजारो हात असतात. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांची कवचे वर्षानुवर्षे बनत आली. मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात 'विकास' इंजिने तयार झाली. विक्रोळी, भांडुप, कांजूर म्हणजे तर आपल्या चाकरमान्यांचीच वस्ती! फिटर, टर्नर, वेल्डर यांच्या हातचा एक सांधा चुकला की काय होते, ते तडा गेलेल्या नळीने दाखवून दिलेच आहे. इस्रो स्वतः दहावीनंतर आयटीआय केलेल्या मुलामुलींची तंत्रज्ञ म्हणून भरती करते. आयटीआयला जाणाऱ्या मुलाला घरात कमी लेखू नये, याचे हेही एक कारण.

नववीतल्या मुलांसाठी इस्रोचा 'युविका' नावाचा कार्यक्रम २०१९ पासून आहे. अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. खेड्यातल्या शाळेत शिकणाऱ्यांना निवडीत जादा गुण मिळतात आणि जाण्याराहण्याचा खर्च इस्रो करते. आपल्या रत्नागिरी जिल्हा परिषदेने तर अलीकडच्या वर्षांत आपल्याच प्राथमिक शाळांतील मुलांची परीक्षा घेऊन निवडलेल्यांना इस्रो आणि थेट अमेरिकेतील नासा दाखवून आणले. मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुक्यांतल्या मुलांसाठी हा उपक्रम आहे. आपल्या शाळेतून कोणी त्या परीक्षेला बसले का, हे गुरुजींना आणि बाईंना विचारा. बसले नसेल तर का नाही, हेही विचारा. माहिती घरापर्यंत पोचली नाही म्हणून संधी गेली, असे आपल्या लेकरांच्या बाबतीत पुष्कळदा झाले आहे. ते आता होऊ देऊ नये.

एकदा अंगणात उभे राहा

पाऊस सरला आणि आभाळ निवळले की एक काम करा. हे स्थानक रत्नागिरीवरूनही जाते आणि साध्या डोळ्यांनी दिसते. दुर्बीण नको, पैसे नकोत. सूर्य मावळल्यावर तासा-दीड तासाच्या आत किंवा पहाटे सूर्य उगवण्याआधी एखादा ठळक तारा सरळ रेषेत, न लुकलुकता, आवाज न करता चालत जाताना दिसला तर तेच ते. विमानाचे दिवे उघडझाप करतात, याचा उजेड स्थिर असतो, कारण त्याचा स्वतःचा दिवा नाही, सूर्याचाच प्रकाश त्याच्यावर पडून परततो. चार-पाच मिनिटांत ते आभाळ ओलांडते. कोणत्या दिवशी कोणत्या वेळी दिसेल हे आधी कळू शकते. मोबाईलवर शोधणे मुलांना आपल्यापेक्षा चांगले जमते, ते काम त्यांच्याकडे द्या.

हे स्थानक कायमचे राहणार नाही. साधारण २०३० नंतर ते उतरवून समुद्रात बुडवण्याचे ठरले आहे. २०३५ पर्यंत भारताने स्वतःचे अंतराळ स्थानक उभारावे असे उद्दिष्ट ठेवले आहे. आज पाचवीत असलेली मुलगी तेव्हा विशीत असेल. त्या घरात कोण राहील, त्याचे सांधे कोण जोडेल, जमिनीवरून 'थांबा, नळी तपासा' असे कोण म्हणेल, ही नावे अजून ठरायची आहेत. ती मुले आज कोठल्या ना कोठल्या शाळेत बसलेली आहेत.

तेव्हा जेवणे आटोपून घरातली सगळी अंगणात या. आजीलाही हात धरून आणा. दिवा मालवा. तो चालता तारा माडांच्या शेंड्यांवरून वर येईल. धाकटा विचारेल, "त्यात आता माणसं हायत?" त्याला सांगा, "हो, आहेत." आणि मोठी काही न बोलता नुसती बघत राहिली, तर तिला घाईने घरात बोलावू नका.